पोराच्या किडनीभोवती लघवी गळते तेव्हा घरी काय करायचं

मी ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतो. सतरा वर्षं झाली. टाकी बारा मीटरवर, खाली सहा वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाला एक व्हॉल्व्ह, आणि कुठला किती आटे फिरवायचा ते हाताला पाठ. पोराच्या लघवीच्या वाटेत जन्मतःच व्हॉल्व्ह आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला हसू आलं. बायको त्या हसण्यावरून अजून बोलते.

हे लिहितोय ते ज्यांच्या हातात नुकताच सोनोग्राफीचा रिपोर्ट पडलाय आणि त्यात ‘युरिनोमा’ किंवा ‘पेरिरीनल कलेक्शन’, म्हणजे किडनीभोवती साचलेली लघवी, असं काहीतरी छापलंय, त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती नंबरची नळी, ऑपरेशन कधी, हे तुमच्या मुलांच्या सर्जननी ठरवायचं. पण ते ठरल्यावर घरी आल्यापासून पुढचं सगळं आईबापांच्याच गळ्यात असतं, आणि ते कसं करायचं हे मला नऊ वर्षांत बऱ्यापैकी कळलंय.

गळती वर, बिघाड खाली

पाइपलाइनच्या शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना मोटर चालू ठेवली तर पाइप मोटरपाशी फुटत नाही आणि व्हॉल्व्हपाशीही फुटत नाही. जिथला जॉइंट कच्चा तिथं फुटतो. शरीरातही तसंच. आमच्या पोराला जो आजार होता त्याला पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसतं पीयूव्ही म्हणतात. फक्त मुलग्यांना होतो, साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला. मूत्रमार्गात पातळ पडदा असतो, त्यानं लघवी अडते. लघवीची पिशवी जोर लावून लावून जाड होते, दाब मागं किडनीपर्यंत जातो. किडनीत लघवी जमा होणाऱ्या छोट्या वाट्या असतात, त्यांचा कोपरा नाजूक. तो फाटतो आणि लघवी किडनीच्या बाहेर, तिच्याभोवतीच्या चरबीत साचते. कधी पोटाच्या पोकळीतही उतरते. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे पिशवीच्या नसा नीट चालत नाहीत अशा मुलांमध्येही दाबाचा हाच घोटाळा होऊ शकतो, मुलींमध्येसुद्धा.

म्हणून पहिलं डोक्यात पक्कं करा. रिपोर्टवर किडनी लिहिलेली असली तरी लक्ष पिशवीवर ठेवायचं. आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा ‘किडनीला काय दिलं?’ विचारायचा. किडनीला काही द्यायचं नव्हतं, खालचा व्हॉल्व्ह उघडायचा होता.

आमचं पोरगं पोटात सातव्या महिन्याचं असताना सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुजलेल्या दिसल्या आणि पिशवी रिकामीच होत नव्हती. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी डावी कूस फुगली. हात लावला तर भरलेल्या फुग्यासारखी. डॉक्टरांनी आधी मूत्रमार्गातून बारीक फीडिंग ट्यूब पिशवीत घातली, मग सोनोग्राफीत बघत कुशीतून दुसरी नळी घालून साचलेलं पाणी काढलं. सगळ्यांना ती दुसरी नळी लागत नाही. पिशवी रिकामी राहिली तर बरंच साचलेलं आपोआप शोषलं जातं. दुसऱ्या आठवड्यात दुर्बिणीतून पडदा कापला.

गळती झाली म्हणजे दाब सुटला, किडनी वाचली, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. पूर्वी डॉक्टरही तसं बरंच मानायचे. सगळ्याच मुलांत तसं होत नाही हे आता दिसलंय, तेव्हा त्यावर विसंबून सुस्तावू नका.

हॉस्पिटलमधल्या दिवसांबद्दल दोनच गोष्टी सांगतो. एक, बाळाचं पहिल्या एक-दोन दिवसांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, हे बरंचसं आईच्या रक्तातलं असतं. पहिल्या आकड्यावर जीव टाकू नका आणि हरखूनही जाऊ नका, पुढं ते कुठवर उतरतं ते बघायचं. शिवाय साचलेली लघवी पोटातून परत रक्तात शोषली जाते, त्यामुळंही आकडा फुगतो. दुसरं, अडलेलं सुटल्यावर बाळ धो धो लघवी करतं. आनंदाची गोष्ट वाटते, पण त्यात पाणी आणि क्षार भराभर जातात, म्हणून नर्सताई तासातासाला मोजतात. पैशाचं म्हणाल तर सरकारच्या फुले आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याला पहिल्याच दिवशी विचारा. डिस्चार्जच्या दिवशी नको.

पडदा कापला म्हणजे झालं, असं नसतं

इथं आम्ही चुकलो. ऑपरेशन झालं, पोरगं धार मारायला लागलं, मी पेढे वाटले. चार वर्षांचं झालं तरी चड्डी सारखी ओली. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले मोठा होईल तसं सुटेल. वर्ष गेलं त्यात. शेवटी सर्जननी पिशवीचा दाब मोजायची तपासणी केली. जन्माआधीपासून दाबाविरुद्ध लढलेली पिशवी पडदा गेल्यावरही आडमुठीच राहू शकते, भिंत जाड, ताणायला तयार नाही, पूर्ण रिकामी होत नाही.

त्या तपासणीचा कागद बघून मी चाट पडलो. दाब सेंटिमीटर पाण्यात लिहिला होता! मी आयुष्यभर ज्या मापात बोलतो तेच माप. डॉक्टर म्हणाले, चाळीसच्या वर दाब टिकून राहिला की किडनीला धोका. चाळीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम सव्वा फुटाचा पाण्याचा स्तंभ. आमच्या टाकीचा दाब बाराशे सेंटिमीटर. सव्वा फुटानं किडनी जाते, हे त्या दिवशी कळलं आणि दर काही तासांनी नळी घालून पिशवी रिकामी करायला मी तयार झालो. तोवर नाही नाही म्हणत होतो.

लॉगबुक

नळीच्या आधी वही. शंभर पानी साधी वही, पाच रकाने: वेळ, आपोआप झालेली, नळीनं आलेली, चड्डी कोरडी की ओली, शी. मोजायला दोन रुपयांचा प्लास्टिक ग्लास नको, मिलिलिटरच्या खुणांचा मापाचा मग घ्या. आमच्या वहीतलं एक पान:

सकाळी ६.१०. आपोआप ४०. नळी २६०. ओली.
सकाळी ९.५०. आपोआप ०. नळी १७०. कोरडी.
दुपारी १.३०. आपोआप ३०. नळी २१०. कोरडी. शी झाली नाही.

मुलाच्या पिशवीत साधारण किती मावायला हवं याचा ढोबळ हिशोब असा: वयात एक मिळवायचा आणि तीसनं गुणायचं. सात वर्षांच्या मुलाला २४० मिली, नऊ वर्षांच्या मुलाला ३००. हा निरोगी पिशवीचा हिशोब. तुमच्या मुलासाठी किती मिलीच्या वर जाऊ द्यायचं नाही, तो आकडा डॉक्टरांकडून मागून घ्या आणि वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

वही वाचायची कशी? नळीनं येणारा आकडा मर्यादेच्या वर जात असेल तर दोन नळ्यांमधली वेळ कमी करायची. मधल्या वेळेत चड्डी ओली व्हायला लागली तर पिशवीचा दाब वाढलाय किंवा जंतू झालेत, फोन करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाणी नेहमीइतकं पितोय, पण वहीतली बेरीज अचानक खाली आली, तर लघवी कुठं जातेय हा प्रश्न विचारायचाच. टाकी भरतेय, मीटर पळतोय आणि शेवटच्या नळाला पाणी नाही म्हणजे मध्ये गळती आहे, हे मला कोणी शिकवायला नको.

आकडा कमी यावा म्हणून पाणी तोडू नका. अशा बऱ्याच मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, ती पातळ पातळ भरपूर लघवी करतात. त्यांचं पाणी तोडलं तर पोरगं सुकतं.

नळी घालायची कशी

याला क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन म्हणतात. क्लीन म्हणजे स्वच्छ, निर्जंतुक नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधले डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी ही पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं असं की जंतूंपेक्षा तुंबलेली, ताणलेली पिशवी जास्त वाईट. त्यामुळं घरी ऑपरेशन थिएटर उभं करू नका. आम्ही पहिले पंधरा दिवस बाथरूम डेटॉलनं धुऊन काढायचो, पोरगं थंडीनं काकडायचं.

पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये नर्ससमोर तुमच्या हातानं करून बघा, किमान तीन-चार वेळा. हे वाचून सुरुवात करू नका, हे फक्त आठवणीसाठी आहे. आणि खालचं मुलग्यासाठी आहे, मुलींची पद्धत वेगळी.

हात साबणानं धुवा, अंगठ्याच्या खाचेपर्यंत. नखं कापलेली हवीत. मुलाला आधी स्वतःहून होईल तेवढी शू करू द्या, ती मोजा. मग त्याला पाटावर टेकून बसवा किंवा उताणा झोपवा. शिश्नाचं टोक साध्या पाण्यानं पुसा. कातडी सहज मागं जात असेल तेवढीच न्या, ओढायची नाही. नळीच्या पुढच्या चार-पाच बोटं लांबीच्या भागाला जेली लावा. इथं कंजुषी नको, आम्ही सुरुवातीला केली आणि पोरानं ओरडून गल्ली गोळा केली.

मग शिश्न पोटाच्या दिशेनं सरळ वर धरा. खाली लोंबतं ठेवलं तर आतल्या वाटेला वळण पडतं, वर धरलं की वाट सरळ होते. नळी हळूहळू सरकवा. आत बरीच गेल्यावर एका जागी अडल्यासारखी वाटेल. तिथं बंद ठेवणारा स्नायू असतो. अडली की थांबा. जोर लावू नका, नळी मागंपुढं हिसकू नका. आमच्याकडं त्या क्षणी मी म्हणतो, “चहा फुंक.” पोरगं गाल फुगवून लांब फुंकर मारतं, स्नायू सैल पडतो, नळी आपसूक पुढं जाते. लघवी यायला लागली की आणखी बोटाच्या पेराएवढी आत न्या आणि हात स्थिर ठेवा.

धार थांबली म्हणजे संपलं असं समजू नका. नळी थोडी थोडी मागं घ्यायची, परत थेंब आले की तिथंच थांबायचं. तळातलं शेवटचं पाणी असंच निघतं. आमचं या थांबण्यात तीस-चाळीस मिली जास्त येतं. मग नळीचं तोंड चिमटीत धरून बाहेर काढा आणि मागं नेलेली कातडी पुन्हा पुढं आणा. हे विसरलात तर ती सुजून अडकते आणि वेगळीच धावपळ होते.

नळी एकदाच वापरायची की धुऊन परत, ते डॉक्टरांना विचारा. आम्हाला धुऊन वापरायला सांगितलीय: लगेच आतून-बाहेरून साबणाच्या पाण्यानं, मग स्वच्छ पाण्यानं, झटकून, कोरड्या फडक्यावर वाळवून झाकणाच्या डब्यात. ओली नळी डब्यात बंद करायची नाही.

नळी जातच नसेल तर जेली लावून पाच-दहा मिनिटांनी एकदाच प्रयत्न करा. तरी गेली नाही तर हॉस्पिटल. टोकाला एखादा रक्ताचा ठिपका दिसला तर वही आणि लक्ष. लघवी लालच आली, गाठी आल्या, तर लगेच निघायचं.

आणि एक. आमच्या आईचा उपाय होता, ओटीपोट दाबून शू करवायची. मायेनं करायची. पण लघवी उलटी किडनीकडं जाणाऱ्या मुलात पोट दाबलं की दाब थेट वर जातो. तिला मी वॉर्डाचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपवर उभा राहून दाखवावं की काय, असं झालं होतं. शेवटी सर्जनबाईंनी सांगितलं, तेव्हा ऐकलं.

रात्र, शी आणि उन्हाळा

दिवसभर तीन-चार तासांनी रिकामी करायची आणि रात्री आठ तास भरू द्यायची, म्हणजे दिवसाची कमाई रात्री उधळली. आमच्या पोराच्या किडनीची सूज उतरेना म्हणून डॉक्टरांनी रात्रभर नळी ठेवून तिला बाहेरून लघवी जमा करायची प्लास्टिकची पिशवी जोडायला शिकवलं. कॉटच्या खालच्या दांडीला पिशवी, मुलाच्या पातळीच्या खाली. सगळ्यांना लागत नाही, पण सकाळचा आकडा नेहमी सगळ्यात मोठा येत असेल तर हा विषय तुम्ही काढा.

बद्धकोष्ठ हा या आजारातला छुपा शत्रू. मागचं आतडं भरलेलं असलं की पिशवीला जागा नाही, आणि ती रिकामीही होत नाही. त्यात पिशवी शांत ठेवायला ऑक्सिब्युटिनिन दिलेलं असतं, त्यानं तोंड कोरडं पडतं, शी घट्ट होते आणि घाम कमी येतो. आमच्या भागात एप्रिल-मे म्हणजे काय ते सांगायला नको. गाल लाल झाले, अंग तापलं की सावलीत आणा, पुसून काढा, पाणी द्या. थर्मामीटर लावून बघा, कारण ऊन की जंतू हे हात लावून कळत नाही.

कधी धावायचं

हे मी फ्रिजवर चिकटवलंय. थंडी वाजून ताप. कुशीत किंवा बरगडीखाली दुखणं, एका बाजूला फुगवटा. पोट फुगलेलं आणि उलट्या. लघवी अचानक कमी. तान्ह्या बाळात एवढंही दिसत नाही, ते नुसतं दूध सोडतं, मलूल पडतं, वजन धरत नाही. यातलं काहीही असेल तर आधी पिशवी रिकामी करा, आकडा लिहा, वही आणि जुने रिपोर्ट घेऊन निघा. तिथं गेल्यावर अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी, घेतलंय ना, तेवढं विचारा. सोनोग्राफी करताना किडनीच्या बाहेर पाणी आहे का ते बघायला सांगा, मागचा इतिहास तोंडानं सांगितल्याशिवाय नवीन माणसाला कळत नाही.

उलट, ताप नाही, दुखत नाही, पोरगं उड्या मारतंय आणि सहज केलेल्या तपासणीत जंतू निघाले, तर त्यासाठी अँटिबायोटिक मागत बसू नका. नळी घालणाऱ्या मुलांच्या लघवीत जंतू सापडतातच. तापासाठी पॅरासिटामॉल द्या; आयब्युप्रोफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, ते किडनीला जड. मूतखड्याचा काढाही नको.

गेल्या वर्षी मे महिन्यात मेव्हणीचं लग्न होतं. घरात अकरा दिवस पाहुणे, बाथरूम मोकळं मिळेना. दुपारची नळी ‘नंतर घालू’ म्हणत कधी चारला, कधी राहूनच गेली. रात्रीची पिशवीही लाजेपायी बंद. वहीत त्या अकरा दिवसांची पानं कोरी आहेत. हळदीच्या दिवशी पोरगं मांडवात खुर्चीवर एका बाजूला कलून बसलं. मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, हा जेवला नाही हो.” अंगाला हात लावला तर तवा. नळी घातली, ४८० आले, गढूळ. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली आणि तिच्या कडेनं चंद्रकोरीएवढं पाणी. तीच बाजू, तीच जागा. चार दिवस ॲडमिट, मग दहा दिवस नळी आतच ठेवलेली. लग्नाच्या फोटोत आम्ही तिघंही नाही.

तेव्हापासून पाहुण्यांना मी सरळ सांगतो. “एक ते दीड बाथरूम आमचं.” कोणी काही म्हणत नाही. लाज आपल्यालाच असते.

शाळेत

जून लागायच्या आधी वर्गशिक्षिकांना भेटा, डॉक्टरांचं एका पानाचं पत्र द्या. तीन गोष्टी मागायच्या: कडी लागणारी आणि पाणी असलेली एक जागा, वेळेवर न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा, आणि पाण्याची बाटली बाकावर. बाईंनी शिक्षकांच्या संडासाची किल्ली दिली. सुरुवातीला दुपारी मी सायकल मारत जायचो. तिसऱ्या वॉर्डाचं पाणी त्या दिवसांत दहा मिनिटं जास्त चालायचं, तिथल्या बायका खूश होत्या. सामान कंपासपेटीत मावतं: दोन नळ्या, जेलीची छोटी ट्यूब, ओला रुमाल पिशवीत, जादा चड्डी.

ठरलेल्या तारखेच्या तपासण्या चुकवू नका: सोनोग्राफी, क्रिएटिनिन, बीपी, उंची-वजन. लहान मुलाचं बीपी कशाला, असं म्हणू नका. किडनी दुखण्यानं सांगत नाही, बीपीनं सांगते.

आता पोरगं स्वतः नळी घालतं. सात-आठ वर्षांपासून बरीच मुलं शिकतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नुसता बाहेर उभा राहिलो, आतून चहा फुंकल्याचा आवाज आला आणि मग ओरडला, “पप्पा, २३०! टाकी खाली!” शाळेतली किल्ली आता त्याच्याच गळ्यात असते. वही मात्र अजून मीच तपासतो, कारण गेल्या महिन्यात सलग तीन दिवस दुपारच्या रकान्यात बरोबर २०० लिहिलेलं सापडलं. मीटर न बघता लॉगबुक भरणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तेच करायचो.